टंचाई वाटायची कशी?

पाण्याचा विषय निघाला की आपण लगेच पाणी वाढवण्याकडे वळतो. धरण बांधा, बंधारा घाला, शेततळं खोदा. ते हवंच. पण आज आपण प्रश्न दुसऱ्या टोकाने धरू. पाणी कमीच आहे असं मानलं, तर ती तूट कोणाच्या वाट्याला किती यावी? हा प्रश्न अभियांत्रिकीचा नाही, न्यायाचा आहे.

धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर काही शतकं चालत आलेली फड पद्धत घ्या. बंधाऱ्याखालच्या भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार भाग करायचे. प्रत्येक भाग म्हणजे फड. एका फडात एका वेळी एकच पीक. मेख अशी की शेतकऱ्याची जमीन साधारणपणे प्रत्येक फडात थोडी थोडी असते. पाणी कमी पडलं की एखादा फड कोरडा ठेवायचा. तोटा होतो, पण सगळ्यांचाच होतो. शिवाय पाणी ज्याने त्याने वळवून घ्यायचं नाही. त्यासाठी गावाने नेमलेला माणूस असतो.

जॉन रॉल्स 1971 च्या आपल्या ग्रंथात म्हणतो की, समाजात आपली जागा कोणती हे ठाऊक नाही अशी कल्पना करा आणि मग नियम ठरवा. तो नियम न्याय्य असेल. फडात ही कल्पना करावीच लागत नाही बघा. प्रत्येकाचं शेत सगळीकडे आहे, मग पक्षपात करणार कोणाच्या बाजूने?

पण ज्याला जमीनच नाही, त्याचं काय? तो या हिशोबात येतच नाही. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावपासून पाणी पंचायतीचं काम उभं केलं. त्यांनी मापच बदललं. पाणी जमिनीमागे नाही, माणसामागे : माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही वाटा. उसाला पाणी नाही. आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. म्हणजे पाणी ही जमिनीची शेपूट उरली नाही.

आता गाव सोडून खोऱ्याकडे या. नाशिकच्या शेतकऱ्याचं शेत पैठणला नसतं. फडातली ती हमी इथे संपते, मग उरतो कायदा. महाराष्ट्राच्या 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात फडाचंच तत्त्व आलं आहे. टंचाईच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत वापरायोग्य पाण्याची टक्केवारी ऑक्टोबरअखेर जवळपास सारखी राहावी, असं तो सांगतो. तरी पाऊस कमी झाला की जायकवाडीला पाणी सोडण्यावरून वाद पेटतो, कोर्टापर्यंत जातो. का? कारण तोवर धरणाच्या वर कोण आणि खाली कोण, हे ज्याला त्याला पक्कं ठाऊक झालेलं असतं. शिवाय मधल्या काळात शहरं आणि कारखाने वाढलेले असतात, आणि वरच्या अंगाला ऊस उभा असतो. उभं पीक समोर असताना कोणीही तत्त्वज्ञान ऐकत नाही, आणि त्याला नावं ठेवण्यातही अर्थ नाही.

म्हणून वाटपाचा नियम पाऊस बरा झालेल्या वर्षी ठरवावा, आणि तेव्हापासूनच पीक त्या नियमाच्या बेताने लावावं. मग तूट आली की भांडण पाण्याचं होत नाही. फार तर हिशोबाचं होतं. आणि हिशोब तपासता येतो.