बेंजोला जादा तार लावायची? आधी गाणारा कोण ते विचारा

हळदीच्या रात्रीचं एखादं रील उघडा. उरण, पेण, अलिबाग, मुरूड, गाव कुठलंही असू दे. गर्दीत एक जण लांबट पेटी पुढ्यात घेऊन बसलेला असतो. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबतो, उजव्या हातातल्या पिकने तारा छेडतो, आणि स्पीकरमधून जो करकरीत आवाज येतो त्यावर अख्खा मांडव नाचतो. तो बेंजो. खाली कमेंटमध्ये कुणीतरी विचारतंच, “भाऊ, किती तारांचा?”

प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा. तारा किती यापेक्षा त्या कुठल्या सुरात लावल्यात, यावर रात्रभराचं गणित ठरतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपल्या बेंजोचा अमेरिकेतल्या कातडं ताणलेल्या गोल बँजोशी नावापलीकडे संबंध नाही. याचं मूळ जपानमध्ये. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो यांनी टाइपरायटरच्या बटणांवरून सुचलेलं एक तंतुवाद्य बनवलं. त्याच वर्षी सम्राट तैशो यांचा काळ सुरू झाला होता, म्हणून नाव पडलं ताइशोगोतो. ते आपल्याकडे आलं आणि बुलबुलतरंग झालं. पुढे त्याला पिकअप बसला, अ‍ॅम्प्लिफायर जोडला गेला आणि मिरवणुकीत ढोल-ताशापुढे टिकणारा बेंजो तयार झाला. याच अरबी समुद्राच्या वरच्या टोकाला, मकरान किनाऱ्यावरचे बलोच लोकही ‘बेंजू’ वाजवतात. त्यांचा आकाराने मोठा असतो.

बेंजोवर दोन प्रकारच्या तारा असतात. काही बटणांखाली, त्यांच्यावर चाल वाजते. बाकीच्या बाजूला मोकळ्या, त्या नुसत्या झंकारत राहतात, तानपुऱ्यासारख्या. जादा तार लावायची म्हणजे यातल्या कुठल्या बाजूला, हा पहिला निर्णय.

बटणांखाली लावायची असेल तर एक गोष्ट विसरू नका: बटण दाबलं की खालच्या सगळ्या तारा एकदम दाबल्या जातात. म्हणून त्या एकाच सुरात किंवा वरच्या-खालच्या सप्तकात लावतात. एखाद्याला वाटतं, एक तार पंचमात लावू, आवाज भरदार होईल. होतो की. सा दाबला की सोबत प वाजतो, रे दाबला की ध. झकास. पण शुद्ध नी दाबला की सोबत तीव्र मध्यम निघतो, आणि गाण्यात शुद्ध मध्यम असेल तर तिथे दाताखाली खडा आल्यासारखं होतं. एखाद्या सिनेमाच्या गाण्याच्या तुकड्याला ही युक्ती चालेल. रात्रभराच्या कोळीगीतांना नको.

खर्जाची तार लावणं त्यापेक्षा बरं, पण तारेची जाडी बदलावी लागते. तीच तार तेवढ्याच लांबीवर एक सप्तक खाली उतरवली तर ताण चौथा हिस्सा उरतो, तार लोंबते आणि खडखडते. ताण तोच ठेवायचा तर तार दुप्पट जाड हवी. आता ती साधी पोलादी घेतली तर ताठ असते, वरची बटणं दाबताना बारीक तारेपेक्षा जास्त चढते आणि दोघींचं जमेनासं होतं. म्हणून खर्जाला गुंडाळलेली तार घ्या, गिटारच्या जाड तारांसारखी.

इथे जरा अमेरिकेत डोकावू. तिथल्या पेडल स्टील गिटारवाल्यांचा हाच प्रश्न आहे. त्यांच्या नेहमीच्या वाद्याला १० तारा, प्रत्येकीचा सूर ठरलेला, आणि पायाखालच्या पेडलने नेमक्या तारा चढवता येतात. ‘ई नाइन’ या त्यांच्या सर्वांत चालणाऱ्या लावणीत पहिली तार सर्वांत उंच नाही, तिसरी आहे! कारण पहिल्या दोन तारा मागून आल्या. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बडी एमन्स या वादकाने त्या आणल्या. वर जाण्यासाठी नव्हे. मधले काही सूर चटकन हाताशी येत नव्हते, त्यांच्यासाठी. आज कुणी १२ तारांची स्टील घेतो तेव्हा त्यालाही ठरवावं लागतं: खाली खर्ज वाढवू की मधली भोकं बुजवू?

माझं मत सांगतो, बेंजोवाल्याने भोक बुजवावं. आणि आपल्याकडचं भोक चालीच्या तारांत नाही, मोकळ्या तारांत आहे.

समजा तुमचा बेंजो काळी एकमध्ये आहे. मोकळ्या तारा सा आणि प, म्हणजे काळी एक आणि काळी चार. दादा लोक गातायत तोवर मजेत चाललंय. मग एखादी ताई माइक घेते आणि तिची पट्टी निघते काळी चार. (धवलारीण धवला गाते तेव्हा हा प्रश्नच नसतो. ती वाद्याशिवाय गाते, तिचा गळा हीच तिची पट्टी.) कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबून मोकळा होतो. बेंजोवाल्याने काय करायचं?

सगळ्या तारा काळी चारपर्यंत चढवल्या तर ताण सव्वादोन पट होतो, तार तुटणारच. खालच्या काळी चारला उतरवल्या तर ताण निम्म्याच्या आसपास येतो, आवाजाचा दम जातो. त्यापेक्षा चालीच्या तारांना हात लावू नका. सातव्या बटणाला सा माना. २४ बटणांचा बेंजो असेल तर खाली मंद्र मध्यम आणि वर तार मध्यमापर्यंत जागा मिळते. बहुतेक कोळीगीतं यात आरामात बसतात.

अडतात त्या मोकळ्या तारा. काळी चारची तार आधी पंचम होती, ती आता षड्ज झाली, हे फुकटात मिळालं. पण काळी एकची तार आता मध्यम झाली. पंचम हवा असेल तर काळी दोनची तार पाहिजे.

म्हणजे लावायची जादा तार हीच: काळी दोन. मग काळी एकला सा-प मिळतो, काळी चारला सा-प मिळतो, आणि कुणी काळी दोनमध्ये गाणारा आला तर सा-म मिळतो. एका तारेत तीन पट्ट्या झाल्या. जी नको ती गाणं सुरू होण्याआधी फेल्टचा किंवा स्पंजचा तुकडा खाली सरकवून गप्प करायची. तुमच्या पार्टीतले गायक पांढरी एक आणि पांढरी पाचमध्ये गात असतील तर हाच हिशोब तिथून करा, तिसरी तार पांढरी दोन येईल. त्यामुळे तार विकत घेण्याआधी आठ-दहा सुपाऱ्यांत कोण कुठल्या पट्टीत गायलं, ते वहीत लिहून ठेवा.

नवी तार ताणली की पेटी किंचित वाकते आणि जुन्या तारा उतरतात. मोठ्या स्टील गिटारलाही हा त्रास आहे, पेडल दाबलं की न दाबलेल्या तारा जराशा उतरतात. म्हणून एकदा लावून भागत नाही, सगळ्या तारांवरून दोन-तीन फेऱ्या मारा. सूर कीबोर्डवरून घ्या, कारण तो काही तुमच्यासाठी उतरणार नाही. सावलीत लावलेला बेंजो मिरवणुकीत उन्हात आला की तारा तापून पुन्हा उतरतात, तेव्हा निघण्याआधी पाच मिनिटं उन्हात ठेवूनच लावा.

राहिली समुद्राची हवा. रेवदंड्याला किंवा श्रीवर्धनला साध्या पोलादी तारेला गंज धरायला वेळ लागत नाही, त्यात गणपतीत पावसाची ओल आणि हाताचा घाम. गंजलेली तार आधी बेसूर होते, मग तुटते. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा, तेल फासू नका, त्याला धूळ चिकटते. आणि काळी दोनची एक जादा तार पेटीच्या झाकणात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. तीच जाडी, तीच लांबी, टोकाला फासा आधीच घातलेला.