माहेरच्या ठाण्यात

ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे ती बसली आहे, मांडीवर दोन वर्षांची पोर. पहाटे मराठवाड्याकडून आलेल्या गाडीने ती मनमाडला उतरली, अनवाणी. मी तिच्या माहेरची शेजारीण, सोबत आले आहे. तिची आई, म्हणजे आमच्या मावशी, दारातच उभ्या. कितीतरी दिवसांनी आज नळाला पाणी येणार होतं, तरी हंडे तसेच टाकून त्या निघाल्या.

"मावशी, बसा की," महिला हवालदार म्हणतात. मावशी हलत नाहीत. मीही आग्रह करत नाही. 1972 साली देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा नावाची मुलगी आत होती आणि तिची माणसं बाहेर ताटकळत होती. तिच्यावरच्या बलात्काराच्या खटल्यातल्या आरोपी पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने सोडलं, बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठे 1983 साली कायदा बदलला. हे सगळं मावशींना ठाऊक नसेल, पण लेकीला ठाण्यात एकटं सोडायचं नाही एवढं त्यांचं पक्कं आहे.

लेक पिशवीतून घडी केलेला कागद काढते. सासरकडच्या ठाण्याने दिलेली एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद. घरगुती कारणावरून शिवीगाळ व मारहाण, कोर्टात दाद मागण्याची समज दिली. बस, इतकंच. तिच्या दंडावर गॅसच्या नळीचे वळ आहेत. वरचे जांभळे, त्यांच्याखाली जुने, पिवळे पडलेले. अदखलपात्र नोंद झाली की न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. नवरा कशाला भिईल त्या कागदाला? ती घरी परतली त्याच रात्री त्याने पुन्हा मारलं.

"पण मॅडम, हे सगळं तिकडं घडलं," मावशी चाचरत विचारतात. "इथं घेतात का?"

"घेतो."

मला हायसं वाटतं. हद्दीचं कारण सांगून मार खाल्लेल्या बाईला माघारी धाडणं मला मारण्याइतकंच क्रूर वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये रूपाली देवी प्रकरणात स्पष्ट केलं आहे की सासर सोडून बाई जिथे आसऱ्याला येते, तिथेही 498 अ ची, म्हणजे सासरच्या छळाची, तक्रार करता येते. छळाचे परिणाम ती तिथेही भोगतच असते. जुलै 2024 पासून तोच गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खाली येतो.

"पहिल्यापासून सांगा, ताई."

ती कालचंच सांगते. हवालदार लिहिता लिहिता थांबतात. "याच्या आधी?"

"दिवाळीत. आणि ही पोटात होती तेव्हा, सातव्या महिन्यात."

मावशी दारातून आत येतात. "मला बोलली नाहीस?"

"तूच म्हणायचीस ना, सांभाळून घे."

मावशी खुर्चीचा हात धरतात आणि बसतात. टेबलावरचा मोबाईल थरथरतो, नवऱ्याचा फोन. हवालदार नुसती मान हलवतात. ती उचलत नाही.

जबाब वाचून दाखवून झाला, सही झाली. गुन्ह्याची प्रत फुकट मिळते, तीही मागायला लागली नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने ती सध्या राहते तिथल्या कोर्टातही दाद मागू शकते, आणि पहिली तारीख एरवी तीन दिवसांच्या आत लागायला हवी.

"म्हणजे तारखेला तिकडं जायला नको?" मावशी पुन्हा एकदा विचारून घेतात.

"नको. आधी उपजिल्हा रुग्णालयात चला, ही मेडिकलची यादी." हवालदार टोपी घालत उठतात. "आणि ताई, डॉक्टरांना नुसता दंड दाखवू नका. पाठसुद्धा दाखवा."