मुलांना घेऊन गोमुखला जाताना: उंचीचा त्रास कसा ओळखाल?

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, आम्ही गंगोत्री-गोमुखला चाललोय. मुलगी आठ वर्षांची आहे, सोबत आजीही आहे. चालेल ना?" बहुतेक वेळा उत्तर "चालेल" असेच असते. पण किती दिवसांत, कुठे मुक्काम करून आणि कोणत्या क्षणी परत फिरायचे, हे आधी ठरलेले हवे.

वाट सुंदर आहे. गंगोत्रीभोवती देवदार, पुढे चिरबासाला पाइनची झाडे, मग भोजपत्रांची विरळ राई, त्यापुढे उघडे दगड आणि शेवटी हिमनदीचे तोंड. गंगोत्री ते गोमुख सुमारे १८ किलोमीटर आहे. चढ फार खडा नाही, त्यामुळे सह्याद्रीत भटकणाऱ्या कुटुंबांना ही वाट सोपी वाटते. पायांच्या दृष्टीने ती तशी आहेही. पण महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, कळसूबाई, १,६४६ मीटरवर संपते. गंगोत्री गावच सुमारे ३,१०० मीटरवर आहे आणि भोजबासा सुमारे ३,८०० मीटरवर.

विरळ हवेत शरीरात काय होते?

हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण वरही २१ टक्केच असते, मात्र हवेचा दाब कमी होतो. गंगोत्रीला एका श्वासात समुद्रसपाटीपेक्षा साधारण ३० टक्के कमी ऑक्सिजन मिळतो आणि भोजबासाला ३५ टक्क्यांहूनही अधिक कमी. शरीर याच्याशी जुळवून घेते: श्वास खोल होतो, नाडी वाढते, लघवी जास्त होते. मात्र याला दिवस लागतात, तास पुरत नाहीत. रोज जिना चढणाऱ्या, पोहणाऱ्या, सिंहगड धावत चढणाऱ्या माणसालाही उंचीचा त्रास होतो. उलट दमदार माणूस भराभर वर जातो आणि जास्त अडचणीत येतो. मुलांना हा त्रास साधारण मोठ्यांइतकाच होतो. फरक एवढाच की त्यांना तो सांगता येत नाही.

लक्षणे रात्री दिसतात

ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. उंचीवर पोहोचल्यानंतर साधारण सहा ते बारा तासांनी लक्षणे सुरू होतात. तुम्ही दुपारी तीन वाजता भोजबासाला पोहोचता, मूल दगडांवरून उड्या मारत असते, सगळे छान वाटते. डोकेदुखी सुरू होते रात्री दहाला किंवा पहाटे, बाहेर कडाक्याची थंडी असताना. खाली गंगोत्री तिथून १४ किलोमीटर. म्हणून "वर जाऊन बघू, त्रास झाला तर उतरू" हा बेत या वाटेवर धोक्याचा आहे. निर्णय गंगोत्रीतच घ्यायचा असतो.

मोठ्या मुलात डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गळून जाणे ही लक्षणे असतात. लहान मुलाच्या बाबतीत चार गोष्टी पाहा: खाणे, खेळणे, झोप आणि मनःस्थिती. आवडता खाऊ नाकारणे, न थांबणारी किरकिर, कडेवरून खाली न उतरणे, विनाकारण उलटी. अशा वेळी घरातले म्हणतात, "दमलाय, गाडी लागली असेल, नजर लागली." उंचीवर एकच नियम: दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत हा उंचीचाच त्रास समजायचा.

त्रास सौम्य असेल तर आहे तिथेच थांबा, विश्रांती द्या, वजनानुसार पॅरासिटामॉल द्या, पाणी घोटघोट पाजा. लक्षणे पूर्ण जाईपर्यंत एक पाऊलही वर नको. काही तासांत बरे वाटले नाही तर खाली या.

पुढील लक्षणे मात्र तातडीची आहेत. बसल्या जागी धाप लागणे, सततचा खोकला, ओठ निळसर होणे, छातीत घरघर: हे फुप्फुसात पाणी साठल्याचे चिन्ह आहे आणि ते बहुधा वर पोहोचल्यानंतरच्या दुसऱ्या रात्री दिसते. तोल जाणे, बरळणे, जागे करूनही नीट जागे न होणे: ही मेंदूला सूज आल्याची चिन्हे. मोठ्या मुलाला एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालायला सांगा; जमले नाही तर वेळ घालवू नका. दोन्ही स्थितींत खरा उपाय खाली उतरणे हाच आहे आणि ऑक्सिजन मिळत असेल तर तो द्यायचा. मुलाला चालवत आणू नका, उचलून आणा, कारण श्रमाने फुप्फुसातले पाणी वाढते. पांघरुणात उबदार ठेवा, मान-छाती उंच धरा, आणि सोबत घरचे माणूस हवेच. गंगोत्रीहून उत्तरकाशीचे जिल्हा रुग्णालय सुमारे १०० किलोमीटरवर, घाटरस्त्याने आहे, हेही हिशोबात धरा.

बेत कसा आखावा?

३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वमान्य नियम आहे. गंगोत्री ते भोजबासा ही उडी ७०० मीटरची आहे. त्यामुळे आधीचे मुक्काम महत्त्वाचे. डेहराडूनहून एका दिवसात गंगोत्री गाठू नका. एक रात्र उत्तरकाशीला (सुमारे १,१५० मीटर), एक हर्षिलला (सुमारे २,६०० मीटर), मग गंगोत्रीला किमान दोन रात्री. मधल्या दिवशी चिरबासाच्या दिशेने थोडे चालून परत गंगोत्रीतच झोपा. दुसऱ्या सकाळी मूल नेहमीसारखे खात-खेळत असेल तरच पुढे. गोमुखाच्या वाटेसाठी वनविभागाचा परवाना लागतो आणि दिवसाला ठरावीक लोकांनाच तो मिळतो. मुलाचे डोके दुखत असतानाही पालक पुढे निघतात ते बहुधा यामुळेच: परवाना वाया जाईल म्हणून. परवाना पुन्हा काढता येतो.

माझे मत विचाराल तर दोन वर्षांखालील मुलाला भोजबासाला मुक्कामी नेऊच नये. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी देवदारांतून चार-पाच किलोमीटर जाऊन परत येणे पुष्कळ आहे. तपोवन ४,४०० मीटरच्या वर आहे. ते मुलांच्या बेतात नसावे. गोमुखापाशी हिमनदीच्या तोंडाजवळ जाऊ नका, बर्फाचे आणि दगडांचे तुकडे कधीही कोसळतात.

कोणी आधी डॉक्टरांना भेटावे?

जन्मजात हृदयविकार, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतील वाढलेला दाब, डाउन सिंड्रोम, दमा किंवा फिट्स असलेली मुले, गरोदर स्त्रिया, हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब असलेले आजी-आजोबा. निघण्याच्या आठवड्यात मुलाला सर्दी-खोकला किंवा ताप झाला असेल तर वर जाणे पुढे ढकला, कारण अशा मुलांत फुप्फुसात पाणी साठण्याचा धोका वाढतो.

विदर्भातील आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतील कुटुंबांसाठी एक खास सूचना. सिकलसेलचा आजार असलेल्यांनी या उंचीवर जाऊ नये. फक्त वाहक असलेल्या, एरवी ठणठणीत व्यक्तीलाही उंचीवर प्लीहेचा रक्तपुरवठा अडून डाव्या बरगडीखाली तीव्र वेदना होऊ शकतात. घरात कोणाला सिकलसेल असेल आणि तुमची तपासणी झाली नसेल, तर आधी करून घ्या.

कापूर, ऑक्सिजनचा डबा आणि गोळ्या

कापूर हुंगल्याने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. वास तीव्र असल्याने क्षणभर मोकळे वाटते, इतकेच. मुलांच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधू नका. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. बाजारातला छोटा ऑक्सिजनचा डबा काही मिनिटेच पुरतो आणि खोटा धीर देतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडा गार बोटांवर चुकतो. शिवाय भोजबासाला निरोगी माणसाचाही आकडा ९० च्या खाली दिसू शकतो. आकडा चांगला आहे म्हणून आजारी दिसणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष नको.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे बाजारातले डायमॉक्स, जुळवून घेण्याची गती वाढवते. मुलांत त्याचा डोस वजनावर ठरतो आणि सल्फाची ॲलर्जी असल्यास ते टाळावे लागू शकते, म्हणून सहलीच्या ग्रुपमध्ये वाटली जाणारी गोळी मुलाला देऊ नका. झोपेच्या गोळ्या कोणीच घेऊ नयेत, त्या श्वास मंद करतात.

पाठीवरच्या झोळीत बसलेले मूल स्वतः चालत नसते, त्यामुळे तुम्हाला घाम येत असतानाही ते गारठते. दर अर्ध्या तासाला मोजे काढून त्याची पावले हाताने तपासा. ऊन थंड वाटले तरी अतिनील किरण तीव्र असतात, बर्फावरून परावर्तित होऊन डोळे भाजतात. मुलांनाही चांगला काळा चष्मा आणि टोपी हवी. ओढ्याचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी उकळूनच प्या आणि ओआरएसची पाकिटे सामानात तळाशी न ठेवता वरच्या खिशात ठेवा.