पाताळलोकची अद्भुत यात्रा

पाताळलोकची अद्भुत यात्रा हे मराठी बालसाहित्यिक भा. रा. भागवत यांचे किशोरवयीन वाचकांसाठीचे अनुवादित पुस्तक आहे. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याच्या १८६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भूगर्भप्रवासाच्या कादंबरीवर ते आधारलेले आहे. भूमीखालच्या अज्ञात जगाची कल्पना मराठी मुलांना पुराणकथांमुळे आधीपासूनच परिचित होती. व्हर्नच्या कथेमुळे त्याच पाताळाकडे निरीक्षण आणि तर्क यांच्या आधारे पाहण्याची दृष्टी त्यांना मिळाली.

अनुवादक

भास्कर रामचंद्र भागवत (३१ मे १९१० – २७ ऑक्टोबर २००१) यांचा जन्म इंदूर येथे झाला. बालसाहित्यिका लीलावती भागवत या त्यांच्या पत्नी. 'बालमित्र' हे मुलांचे मासिक त्यांनी चालवले. फुरसुंगीचा बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे ही त्यांची सर्वाधिक लोकप्रिय व्यक्तिरेखा होय. या व्यक्तिरेखेवर दूरदर्शन मालिका झाली, तसेच २०१७ मध्ये मराठी चित्रपटही आला. बिपिन बुकलवार आणि नंदू नवाथे हे त्यांचे आणखी दोन बालनायक.

विसाव्या शतकाच्या आरंभी 'केरळ कोकिळ' मासिकातून व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कथेचे मराठी रूपांतर क्रमशः प्रसिद्ध झाले होते. मात्र व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या सलगपणे मुलांपर्यंत पोहोचवण्याचे काम भागवतांनी केले. 'चंद्रावर स्वारी' आणि 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही त्यांची अशीच अन्य पुस्तके आहेत.

मूळ कथानक

हॅम्बुर्ग येथील प्राध्यापक लिडेनब्रॉक याला एका जुन्या ग्रंथात सांकेतिक लिपीतील चिठ्ठी सापडते. आइसलँडमधील स्नेफेल्स या निद्रिस्त ज्वालामुखीच्या मुखातून पृथ्वीच्या केंद्राकडे जाता येते, असे तिच्यात सोळाव्या शतकातील एका किमयागाराने लिहून ठेवलेले असते. प्राध्यापक, त्याच्या घरी वाढलेला अनाथ तरुण ॲक्सेल आणि हान्स नावाचा अबोल वाटाड्या असे तिघे खाली उतरतात. वाटेत पाणी संपते, ॲक्सेल अंधारात एकटा हरवतो, पुढे त्यांना भूमिगत समुद्र लागतो आणि पृथ्वीवरून नामशेष झालेले जलचर सरडे तेथे झुंजताना दिसतात. अखेर ज्वालामुखीच्या उद्रेकाबरोबर ते इटलीतील स्ट्रॉम्बोली बेटावर बाहेर फेकले जातात.

कथेचा निवेदक ॲक्सेल हा भित्रा व शंकेखोर आहे. हरवलेल्या ॲक्सेलला खडकाच्या भिंतीतून प्राध्यापकाचा आवाज ऐकू येतो. तेव्हा हाक आणि तिचे उत्तर यांमध्ये ४० सेकंद जातात, असे घड्याळावरून मोजून ते दोघे आपल्यामधले अंतर काढतात. जिवावर बेतलेल्या प्रसंगी ध्वनीचा वेग हे शाळेतील ज्ञान उपयोगी पडते.

पुराणातील पाताळ आणि कादंबरीतील भूगर्भ

पुराणांत अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल आणि पाताळ असे सात अधोलोक सांगितले आहेत. बलिप्रतिपदेला ज्याचे स्मरण होते तो बळिराजा सुतलात राहतो, तर पाताळात नागांचे वास्तव्य आहे. अहिरावण-महिरावणाच्या कथेत मारुती रामलक्ष्मणांना सोडवण्यासाठी पाताळात जातो. विष्णुपुराणात पाताळाचे वर्णन स्वर्गाहून रमणीय असे आहे. तेथे सूर्य प्रकाश देतो, पण ताप देत नाही. व्हर्नच्या भूमिगत समुद्रावरही असाच शीतल प्रकाश आहे. फरक असा की, व्हर्न त्या प्रकाशाचे कारण विजेत शोधतो.

पुराणातील पाताळात वर, शाप किंवा दैवी सामर्थ्याच्या बळावर प्रवेश मिळतो. व्हर्नच्या भूगर्भात दोर, दिवा, होकायंत्र आणि तापमापक यांच्या साहाय्याने उतरावे लागते. 'पाताळलोक' या शब्दामुळे मराठी मुलाला परदेशी कथा परकी वाटत नाही आणि त्याच वेळी ओळखीच्या शब्दाला नवा अर्थही मिळतो.

कथेतील विज्ञान

खोलीबरोबर उष्णता वाढते हे व्हर्नच्या काळी माहीत होते, आणि ॲक्सेल तोच आक्षेप घेतो. त्या नियमानुसार एका टप्प्यावर तापमान १,५०० अंश असायला हवे, असे गणित तो मांडतो. हातातील तापमापक मात्र २७.६ अंश दाखवतो. प्राध्यापक त्या काळच्या एका रासायनिक मताचा आधार घेऊन पृथ्वीचा गाभा तप्त असल्याचे नाकारतो.

प्रत्यक्षात ॲक्सेलचा आक्षेप खरा ठरला. भूकवचाच्या वरच्या भागात दर किलोमीटरला सुमारे २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान वाढते. रशियातील कोला येथील वेधनछिद्र १२,२६२ मीटर खोल गेले, पण वाढत्या उष्णतेमुळे ते काम पुढे नेता आले नाही. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर असल्याने ही खोली तिच्या पाचशेव्या भागाहूनही कमी आहे.

महाराष्ट्राच्या भूमीचाही असा शोध घेतला गेला आहे. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी सुमारे ३ किलोमीटर खोल वेधन करण्यात आले. तेथे सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा काळा पाषाण ओलांडल्यावर अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून बनलेला आहे. सह्याद्रीचे कडे आणि अजिंठा-वेरूळची लेणी याच लाव्ह्याच्या थरांत आहेत.

महत्त्व

भूगर्भातील पोकळ जगाची कल्पना आज शास्त्रीयदृष्ट्या टिकत नाही, त्यामुळे या कथेकडे भूगोलाचे पुस्तक म्हणून पाहता येत नाही. तथापि जाणत्या प्राध्यापकाच्या मतावर तरुणाने प्रमाणांसह शंका घ्यावी आणि तिचा निर्णय मोजमापाने करावा, ही या कथेतील रीत कालबाह्य झालेली नाही. प्राध्यापक स्वतःही, विज्ञान चुकांमधूनच सत्याकडे जाते, असे मानतो. मराठी किशोर वाचकाला ही रीत साहसकथेच्या ओघात भेटते, यात या अनुवादाचे मोल आहे.