वीर्यातून रक्त आले तर

वीर्य लालसर किंवा विटकरी दिसले की पुरुषाच्या मनात आधी कर्करोग येतो. मग लाजेपोटी तो डॉक्टरांऐवजी भिंतीवरच्या जाहिरातीतला ‘गुप्तरोगतज्ज्ञ’ गाठतो. तिथे पैसे जातात, निदान होत नाही. चाळिशीच्या आत, एखाद-दुसऱ्या वेळी आणि दुसरा काही त्रास नसताना असे झाले, तर ते बहुधा आपोआप थांबते. प्रोस्टेट किंवा वीर्यकोशाची सूज, जंतुसंसर्ग ही नेहमीची कारणे. प्रोस्टेटचा तुकडा तपासणीसाठी काढला असेल, तर काही आठवडे रंग दिसू शकतो. रक्त जोडीदाराचे तर नाही ना, हे निरोध वापरून पाहिले की कळते.

मात्र वय चाळिशीपुढे असेल, रक्त महिनाभर येत राहिले, लघवीतही दिसले, ताप, जळजळ किंवा वृषणात गाठ असेल, घरात कोणाला प्रोस्टेटचा कर्करोग झालेला असेल, तर दाखवायलाच हवे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा. ती मनाने बंद करू नका. आपल्याकडे क्षयरोग विसरून चालत नाही, तो फुप्फुसापुरता नसतो. सुरुवात साधीच असते: रक्तदाब, लघवीची तपासणी, प्रोस्टेटची बोटाने तपासणी, गरजेप्रमाणे पीएसए आणि सोनोग्राफी. लघवी अडली किंवा तीतून रक्ताच्या गाठी पडल्या, तर त्याच दिवशी रुग्णालयात या.