मुळावर उठलेला कृमी

गेल्या वर्षी नेरूळच्या आमच्या गॅलरीत एका कुंडीत टोमॅटोचे रोप लावले होते. पाणी वेळेवर, खत वेळेवर. तरी भर दुपारी ते मान टाकी आणि संध्याकाळी पुन्हा सावरे. पुढे पाने पिवळी पडली व एके दिवशी ते उपटावे लागले. तेव्हा कुठे खरा प्रकार दिसला. मुळांवर जागोजाग गाठी होत्या, दोऱ्यात ओबडधोबड मणी ओवावेत तशा. भुईमूग-हरभऱ्याच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या उपकारक जंतूंच्या असतात व नखाने सहज सुटतात. या गाठी म्हणजे मूळच सुजलेले असते.

कुंडीतल्या रोपाचे दुःख ते किती! परंतु याच गाठी सोलापूर-सांगलीकडील डाळिंबाच्या बागेत किंवा जुन्नरकडच्या टोमॅटोच्या शेतात आल्या म्हणजे एका कुटुंबाच्या वर्षाच्या कमाईचा प्रश्न उभा राहतो. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात उतरणारा माल आपण पाहतो; त्याच्या मुळाशी चाललेला झगडा आपल्यापासून फार दूर असतो.

हे काम सूत्रकृमीचे होय. त्याचे शास्त्रीय नाव मेलॉयडोगायने इन्कॉग्निटा. त्याचे पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. ते मुळाच्या कोवळ्या टोकातून आत शिरते, सुईसारख्या तोंडाने काही पेशींत स्राव सोडते, आणि त्या पेशी फुगून राक्षसी होतात. मग झाडाने पानांत रांधलेले अन्न आयतेच तेथे येऊ लागते. मादी तेथेच बसून नासपतीसारखी फुगते व चिकट पिशवीत काही शे अंडी घालते. उबदार जमिनीत ही पिढी महिन्याभरात पुरी होते. झाडाला हा पाहुणा मारायचा नसतो. त्याला झाडाकडून चाकरी हवी असते.

इंग्लंडमध्ये 1855 साली बर्कले यांनी काकडीच्या मुळांवर या गाठी पाहिल्या. भारतात 1901 साली बार्बर यांनी दक्षिणेकडील चहाच्या मळ्यात त्यांची नोंद केली. मौज अशी की, ‘इन्कॉग्निटा’ म्हणजे ‘अज्ञात’ हे नाव या कृमीला शेतात मिळालेच नाही. 1919 साली अमेरिकी सैनिकांच्या विष्ठेत त्याची अंडी सापडली, व हा माणसाचाच नवा कृमी असावा असे शास्त्रज्ञांना वाटले. बिचाऱ्या सैनिकांनी गाठाळ कंदमुळे खाल्ली होती, इतकेच!

आता त्याच्या जनुकसंचाकडे वळू. जनुकसंच म्हणजे प्राण्याच्या देहाची सगळी कृती ज्या चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेली असते, ती पोथी. या कृमीची पोथी 2008 साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने वाचली गेली. वनस्पतींवर परजीवी म्हणून जगणाऱ्या सूत्रकृमींत ती पहिलीच. तीत असे काही निघाले की ते प्राण्याच्या घरी शोभत नाही. झाडाच्या पेशींची भिंत सेल्युलोज व पेक्टिन यांची असते. ती फोडणारी विकरे जंतू व बुरशी बनवतात, प्राणी सहसा नाही. गाईसुद्धा गवत पचवते ती पोटातील जंतूंच्या भरवशावर. या कृमीपाशी मात्र ती विकरे घडविण्याची जनुके स्वतःची आहेत आणि त्यांचे रूप जंतूंच्या जनुकांशी जुळते. फार प्राचीन काळी जमिनीतील जंतूंकडून ती या घराण्यात आली असावीत, असे शास्त्रज्ञ मानतात. आईबापांकडून न येता शेजाऱ्याकडून आलेला हा वारसा! घरफोडीची हत्यारे चोराने उसनी घेतली आणि परत केलीच नाहीत.

पहिल्या वाचनात ही पोथी साडेआठ कोटी अक्षरांची वाटली होती. 2017 साली अधिक बारकाईने वाचली तेव्हा ती अठरा कोटींवर गेली. याचे कारण असे की बहुतेक प्रकरणांच्या तीन-तीन प्रती आहेत, व त्या प्रतींत एकमेकींपासून पुष्कळ फरक आहे. वेगवेगळ्या पूर्वजांच्या संकरातून हा वंश निघाला असावा, असे यावरून दिसते.

यातच एका कोड्याचा धागा आहे. या जातीत मादीला संततीसाठी नर लागत नाही. म्हणजे लेकी आईच्या हुबेहूब नकला असाव्यात आणि झाडाने एकदा प्रतिकार केला की वंश तेथेच अडावा. तसे घडत नाही. पेरूमधील रानटी टोमॅटोशी संकर करून 1944 च्या सुमारास अमेरिकेत प्रतिकारशक्ती टोमॅटोत आणली गेली. तिचे ‘एमआय’ नावाचे जनुक 1998 साली वेगळे करण्यात आले. या जनुकामुळे जगभरच्या शेतकऱ्यांची पिके वाचली. पण त्याला दोन मर्यादा आहेत. जमिनीचे तापमान 28 अंशांच्या वर गेले की ते लुळे पडते, आणि आमच्याकडचा उन्हाळा तर वेगळा सांगायला नको. दुसरे असे की प्रयोगशाळेत एकाच मादीच्या वंशातूनही या जनुकाला न जुमानणारे कृमी निघाले. अशा वंशांच्या पोथ्या मूळ वंशाशी ताडून पाहिल्या, तेव्हा काही जनुकांच्या प्रती त्यांत कमी झालेल्या आढळल्या (2019). तीन प्रतींतली एखादी गळाली तरी काम अडत नाही. उलट झाडाचा पहारेकरी जिला पाहून ओळखतो ती खूणच कदाचित पुसली जाते. हा अर्थ अजून तर्काच्याच पायरीवर आहे, पण आम्हांला तो पटण्यासारखा वाटतो.

सोलापूरला 2005 पासून डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. डाळिंबाच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका आमच्या मते रोपाबरोबर येणाऱ्या मातीचा. पिशवीतल्या रोपाच्या मुळांत गाठी असल्या तर शेतकरी पैसे मोजून शत्रू घरी आणतो, आणि लागलेली बाग पुन्हा उपटून मुळे तपासता येत नाहीत. म्हणून रोप घेतानाच एखादी पिशवी फाडून मुळे पाहावीत. झेंडूच्या मुळांत कृमींना मारक असे द्रव्य असते, म्हणून आधी झेंडूचे पीक घेण्याचा उपाय आहे. उन्हाळ्यात खोल नांगरून जमीन तापवण्याचाही आहे. मात्र झेंडूच्या सर्व जाती सारख्याच उपयोगी पडत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

आमच्या कुंडीतली माती सोसायटीच्या बागेत टाकायची नाही, एवढे तरी आम्ही शिकलो. ती ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकखाली पूर्ण मे महिना गच्चीवर तापत ठेवली, आणि पावसाळ्यात त्याच कुंडीत झेंडू लावला.