फॉक्सप्रोतून बाहेर पडताना

फॉक्सप्रो म्हणजे माहिती साठवण्याची डेटाबेस प्रणाली आणि ती हाताळण्याची प्रोग्रॅमिंगची भाषा, दोन्ही एकातच. तिचा पूर्वज डीबेस. वेन रॅटलिफ यांनी लिहिलेला डीबेस १९८०च्या सुमारास ॲश्टन-टेट कंपनीने बाजारात आणला. अमेरिकेतल्या ओहायोमधील फॉक्स सॉफ्टवेअरने त्याच्याशी जुळणारी, पण बरीच वेगवान प्रणाली काढली आणि १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. २००४ची 'व्हिज्युअल फॉक्सप्रो ९' ही अखेरची आवृत्ती ठरली. जानेवारी २०१५ मध्ये तिचे तांत्रिक साहाय्यही थांबले.

नव्वदच्या दशकात भारतातल्या संगणक वर्गांत फॉक्सप्रो शिकवले जाई. त्यामुळे पगारपत्रक, मालसाठा, सभासदांची खाती अशी असंख्य कामे त्यात बसवली गेली. ती आता हलवावी लागतात, कारण एका फाइलची मर्यादा दोन गिगाबाइट आहे, मध्येच वीज गेली की इंडेक्स बिघडतो आणि सामायिक फोल्डरमधली डीबीएफ फाइल, म्हणजे फॉक्सप्रोची माहिती साठवणारी फाइल, कोणालाही उघडता येते.

आकडे नव्या डेटाबेसमध्ये नेणे त्या मानाने सोपे. अवघड आहेत ते नियम. व्याज कोणत्या तारखेपासून धरायचे, पैसे कुठे पूर्णांकात आणायचे, हे कोणत्याही कागदावर नसते. ते हजारो ओळींच्या प्रोग्रॅममध्ये असते आणि तो लिहिणारा बहुधा केव्हाच निवृत्त झालेला असतो. डीबीएफमध्ये रकान्याचे नाव दहाच अक्षरांचे, म्हणून नावांवरूनही फारसे उमगत नाही.

एआयचा खरा उपयोग इथे होतो. भाषा-मॉडेल जुना प्रोग्रॅम वाचून प्रत्येक भाग काय करतो ते साध्या भाषेत सांगते, कोणती फाइल कुठे बदलते याचा तक्ता करते, रकान्यांच्या अर्थाचा अंदाज बांधते आणि चाचण्या लिहून देते. मात्र तो अंदाजच असतो. हिशेब सांभाळणाऱ्या माणसाने तो तपासेपर्यंत त्याला नियम मानणे धोक्याचे आहे.

जुना प्रोग्रॅम नव्या भाषेत नेताना चुका होतात त्या फॉक्सप्रोच्या खास सवयींमुळे. 'सेट एक्झॅक्ट' ही काटेकोर तुलनेची सोय बंद असताना, आणि मुळात ती बंदच असते, 'रामचंद्र' आणि 'राम' यांची साध्या बरोबर-चिन्हाने तुलना केली तर उत्तर 'समान' येते. बाजू उलटल्या की येत नाही. नव्या डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत हीच ओळ जशीच्या तशी नेली की शोधातून नोंदी गळतात. खोडलेली नोंदही फाइलमधून जात नाही. तिच्यावर फक्त खूण होते आणि 'पॅक' हा आदेश देईपर्यंत ती परत आणता येते. स्थलांतरात ही खूण दुर्लक्षिली, तर वर्षांपूर्वी रद्द केलेली खाती पुन्हा जिवंत होतात. रिकामी तारीख हा असाच एक सापळा: फॉक्सप्रोला ती चालते, नव्या डेटाबेसला ती 'नल' म्हणून द्यावी लागते.

महाराष्ट्रातल्या संस्थांपुढे आणखी एक अडचण असते. युनिकोडपूर्वीच्या मराठी नोंदी बहुतेकदा फॉन्टच्या आकारांनुसार साठवलेल्या असतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर यावी लागते. जोडाक्षर आणि रफार असला की गुंता वाढतो. अशा रूपांतरासाठी प्रत्येक फॉन्टचा ठरावीक तक्ताच वापरावा. मॉडेलकडे सोपवले तर ते अनोळखी आडनाव 'सुधारून' ओळखीचे करते, आणि खातेदाराचे नाव बदलणे अक्षम्य आहे. मॉडेलने नंतर फक्त संशयास्पद नावे वेगळी काढावीत.

खातेदारांची खरी माहिती बाहेरच्या मॉडेलला देण्याचे कारणच नसते. फाइलची रचना आणि बनावट नोंदी पुरतात.

शेवटचा टप्पा समांतर चालवण्याचा. तीच व्हाउचरे दोन्ही प्रणालींत भरायची आणि तेरीज पैशापर्यंत ताडून पाहायची. यात मार्चअखेर आलीच पाहिजे, कारण वर्षअखेरीचे प्रोग्रॅम एरवी चालतच नाहीत. फरक निघाला की दोष नव्याचा की जुन्याचा हे हिशेबनीसाने ठरवायचे. जुन्या प्रोग्रॅममधली चूकही कधी कधी वर्षानुवर्षे चालत आलेली असते. ताळा जमल्यावर जुन्या डीबीएफ फाइली केवळ वाचण्यापुरत्या जतन करतात. त्यांची रचना उघड आणि साधी असल्याने आजच्या कितीतरी साधनांना त्या वाचता येतात.